वेटोळ्याचे दोन जोड

शनिवार, ३ मार्च १९८४

ऑर्विलचा दात गॅरेजच्या जमिनीवर सापडला. झाडताना आधी वाटलं मॉल्टचा, म्हणजे बियरसाठी मोड आणून वाळवलेल्या सातूचा, दाणा आहे. धुऊन मेणकागदात गुंडाळला आणि त्याच्या घरी नेऊन दिला. दिराला त्याचा दात नेऊन द्यायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. तो ओठावर गोठलेल्या वाटाण्यांची पिशवी धरून बसला होता. म्हणाला, "तूच ठेव, आर्लिस. माझ्याकडे अजून बरेच आहेत."

"हसू नकोस, परत रक्त येईल," मी म्हटलं.

पास्टर बेन्केंनी सांगितलंय, उपवासकाळात मनातलं लिहून काढा, देवाला वाचायला सोपं जातं. उपवासकाळ बुधवारी लागेल, पण आजचं आजच लिहिलेलं बरं. हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरीच आहेत. नवी वही कशाला?

झालं ते असं. तीन जूनला आमच्या चर्चला शंभर वर्षं होतात. त्या दिवशीच्या जेवणाची बियर रॅटकी बंधूंनी करायची असं मंडळींनी ठरवलं, म्हणजे माझा नवरा रेनहोल्ड आणि ऑर्विलनं. मॉल्टचा काढा तासभर उकळला की तो झटपट गार करावा लागतो. त्यासाठी रेनहोल्डनं तांब्याच्या नळीचं वेटोळं केलंय. ते उकळत्या पातेल्यात सोडायचं. एका टोकाला बागेची नळी जोडायची, तिच्यातून गार पाणी आत जातं. दुसऱ्या टोकाच्या नळीतून कढत पाणी बाहेर. तांबं आणि नळी जिथे क्लॅम्पच्या पट्टीनं आवळून जुळवलीत ते दोन्ही जोड गळतात, आणि ते कच्चं पाणी थेंबथेंब काढ्यात पडतं. त्यानं बियर आंबते.

आज रेनहोल्ड ओरडला, "क्लॅम्प आवळ म्हटलं ना!"

ऑर्विल म्हणाला, "आणखी आवळला तर नळी चिरेल, रेनी."

"मनगटात दम नाही असं सांग की सरळ."

"तुझ्या मनगटात फार दम आहे, म्हणून तर गळतंय."

तेवढ्यावर रेनहोल्डनं ठोसा मारला. मुठीत पाना होता हे तो विसरला असणार.

रविवार, ४ मार्च

चर्चमध्ये सगळे ऑर्विलच्या तोंडाकडे बघत होते. तो म्हणाला, गॅरेजचं दार लागलं. पास्टर म्हणाले, "दाराला मूठ होती वाटतं." रेनहोल्ड सोडून सगळे हसले.

ऑर्विल नेहमीसारखा आमच्या मागच्या बाकावर बसला. तीस वर्षं तिथेच बसतो. गीतांच्या नंबरांचा फळा तिथून नीट दिसतो म्हणतो. एकदा नाताळच्या तयारीला मी त्याच्या जागेवर बसून बघितलं, तर मध्ये खांब येतो. सवय झाली असेल. पुरुषांना जागा बदलायला आवडत नाही.

राखेचा बुधवार, ७ मार्च

कपाळावर राख लावून घेतली. दरवर्षी मी उपवासकाळात साखर सोडते. या वर्षी काही सोडायचं नाही, एक काम धरायचं. ते वेटोळं मी दुरुस्त करणार. गळणं थांबलं की भांडण थांबेल. दोघांची गाडी त्या एका जागीच घसरते.

तशी जानेवारीपासूनच घरात शांतता नाही. ओतकामाचा कारखाना बंद पडला. रेनहोल्डची बत्तीस वर्षं तिथे गेली होती. आता तो दिवसभर घरात असतो आणि खिडकीतून रस्त्याकडे बघत बसतो. ऑर्विल दुपारी कॉफीला येतो. वर्षानुवर्षं येतो, पण रेनहोल्ड तेव्हा कामावर असायचा, त्यानं बघितलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, "हा रोज येतो?" मी म्हटलं, "रोज कुठे? रविवारी नाही येत."

त्या दिवशी त्यानं माझ्या आईची कपबशी भिंतीवर फेकली. कारखान्याचं दुःख, दुसरं काय.

शनिवार, १० मार्च

फेब्रुवारीतला बियरचा घाणा आज उघडला. आंबट ढाण. वीस लिटरची काचेची बरणी, सगळी वाया.

ऑर्विलनं चाखून तोंड वाकडं केलं. म्हणाला, "सॅलडवर चालेल."

रेनहोल्डनं बरणी उचलली आणि त्याच्या पायाशी आपटली. काच सगळीकडे उडाली. मग फावड्याचा दांडा घेऊन मागे लागला. एक पाठीत, दोन बरगड्यांवर. ऑर्विल पहिल्यांदा नुसता हात वर करत होता, पण तिसऱ्या फटक्यानंतर त्यानं दांडा धरला, रेनहोल्डला फ्रीजरवर ढकललं आणि त्याचा गळा दाबला. रेनहोल्डचा चेहरा बिटासारखा झाला. मी मोरीतली बादली आणली आणि दोघांच्या डोक्यावर ओतली. कुत्री भांडतात तेव्हा आई असंच करायची.

ऑर्विलनं हात काढला. ओल्या केसांनी माझ्याकडे बघून म्हणाला, "गार होतं गं."

रेनहोल्ड खोकत म्हणाला, "बघ. बघ कसा बोलतो तुझ्याशी." कसा बोलला ते मला कळलं नाही. पाणी गारच होतं.

माझ्या तळव्यात काच गेली होती. रेनहोल्डनं चिमटा आणून ती काढली. हात हलू नये म्हणून मनगट धरलं होतं, इतकं घट्ट की अजून चार बोटं उमटलेली दिसतात. काढून झाल्यावर त्यानं तळव्यावर फुंकर घातली. तो वाईट माणूस नाही.

सोमवार, १२ मार्च

रेनहोल्ड बेकारीच्या कचेरीत गेला होता. मी वेटोळं स्वयंपाकघरात आणलं. एका टोकाला बूच बसवलं, दुसऱ्या टोकाच्या नळीत तोंड लावून फुंकलं आणि ते सिंकमध्ये पाण्याखाली धरलं. दोन्ही जोडांतून बुडबुडे.

क्लॅम्प सोडून बघितलं तर तांब्याची टोकं गोल राहिलेलीच नाहीत. चेपून लांबट झालीत, चावलेल्या स्ट्रॉसारखी. म्हणजे जितकं आवळलं तितकं चेपलं, आणि चेपलं तितकं गळलं. मी सिंकपाशी एकटीच हसले. दरवर्षी ऑगस्टमध्ये मी टोमॅटोच्या साठ बरण्या भरते. बरणीच्या झाकणावरची कडी बोटांच्या टोकांनी लावायची असते, दात आवळून नाही. आवळली की हवा निघत नाही आणि झाकण वाकतं. हे गावातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. कारखान्यात मात्र सगळं हातोड्यानं बसतं.

तेवढ्यात ऑर्विल आला. बरगड्यांना पट्टा बांधलेला. मी त्याला दाखवलं. तो इतका वाकून बघायला लागला की त्याची हनुवटी माझ्या खांद्याला लागत होती. म्हणाला, "आर्लिस, एकतीस वर्षांत आमच्या घराण्यात तुझ्याएवढं डोकं कुणाला नाही मिळालं."

"डोकं कसलं, टोमॅटो," मी म्हटलं.

आम्ही हसत होतो. मागे बघितलं तर रेनहोल्ड दारात. कचेरी लवकर बंद झाली होती. तो गॅरेजमध्ये जाऊन घण घेऊन आला आणि ऑर्विलच्या ट्रकचे दोन्ही दिवे फोडले, मग काच, मग दार. एक एक, कामावर असल्यासारखा, मोजून. ऑर्विल पायरीवर उभा राहून बघत होता. रेनहोल्डचा श्वास संपल्यावर म्हणाला, "झालं? बॉनेटपण उघडून देऊ?"

"माझ्या घरात पाय ठेवू नकोस."

"बियर कशी करणार? एकटा?"

"शनिवारी ये. गॅरेजमध्ये. गॅरेजच्या पुढे नाही."

मी त्याची हत्यारं न विचारता घेतली म्हणून रेनहोल्डला राग आला. मी रात्री माफी मागितली. तो म्हणाला, "कशाची?" आणि भिंतीकडे तोंड केलं.

शुक्रवार, १६ मार्च

हार्डवेअरच्या दुकानातून दोन पितळी जोड आणि रबरी वॉशर आणले. दुकानदार म्हणाला, "रेनहोल्डनं बायकोला पाठवलं? तो आजारी आहे का?" मी म्हटलं, "नाही, तो घाईत आहे. मी घाईत नाही."

तांब्याची चेपलेली टोकं पाइप कटरनं कापली. हळू फिरवायचं, दर फेरीला थोडंसं घट्ट. कानसनं कडा घासल्या, मग बारीक सँडपेपर. जोड बसवताना आधी हातानं, मग पान्यानं अर्धा फेरा, बस.

बागेच्या नळीच्या टोकात वॉशरच नव्हता! सुकून तुकडे झाले होते. नाण्याएवढ्या रबरापायी माणसं एकमेकांचे दात पाडतात.

आणखी एक केलं. दोन्ही टोकं पातेल्याच्या काठाबाहेर वाकवली, म्हणजे गळलंच तर जमिनीवर गळेल. तांब्याला घडी पडू नये म्हणून वाकवण्याआधी आत मीठ ठासून भरलं आणि नंतर धुऊन काढलं. मीठ वाया गेलं नाही, पायरीवरच्या बर्फावर टाकलं.

रेनहोल्ड बघत होता. "कुणी शिकवलं?"

"कुणीच नाही."

"कुणीच नाही," त्यानं माझ्या आवाजात म्हणून दाखवलं. मग माझ्या हातातलं वेटोळं घेऊन जोड पान्यानं आवळायला लागला. मी त्याचा हात धरला. त्यानं हात झटकला तो माझ्या तोंडावर लागला. मुद्दाम नव्हतं. ओठ सुजलाय. रविवारी ऑर्विल आणि मी जोडीनं दाराला धडकलो म्हणायचं.

सोमवार, १९ मार्च

ते विनोदानं लिहिलं होतं. काल ऑर्विलनं माझा ओठ बघितला आणि गीताच्या मध्येच पुस्तक मिटलं. गाडी लावतात तिथे त्यानं रेनहोल्डला कॉलर धरून पास्टरच्या गाडीवर आपटलं. "परत हात लावलास तर पुरेन तुला." सगळी मंडळी बघत होती. रेनहोल्ड हसला. नाकातून रक्त येत होतं आणि हसत होता, सिद्ध झाल्यासारखा. पास्टरनी दोघांना वेगळं केलं.

ऑर्विलला इतका राग का यावा? ओठ माझा.

शनिवार, ७ एप्रिल

तीन शनिवार दोघे एकमेकांशी बोलले नाहीत आणि बियरही झाली नाही. आज पास्टरनी निरोप धाडला, माणसं कमी पडत असतील तर शेजारच्या गावाच्या कॅथलिकांना सांगू का? आमच्या जेवणाला कॅथलिकांची बियर? तेव्हा दोघे गॅरेजमध्ये आले.

गार पाण्याच्या बाजूला एक थेंब नाही. मी देवाचे आभार मानले. पण कढत पाण्याची बाजू! प्लास्टिकची पातळ नळी उकळत्या पाण्यानं मऊ झाली, फुगली आणि सटकली. नळी सापासारखी उडाली. वाफाळतं पाणी रेनहोल्डच्या बुटांवर, मांडीवर. तो किंचाळला. मग तीच नळी पकडून तिनं ऑर्विलला फटके मारायला लागला, तोंडावर, मानेवर, कढत पाणी उडतंच होतं. मी धावत जाऊन नळ बंद केला. ऑर्विलनं त्याला पोटात गुडघा मारला. रेनहोल्ड त्याच्या कानाला चावला. साठीला आलेले दोन पुरुष. चर्चच्या मंडळातले दोन वडीलधारे.

दोघांना लोणी लावलं नाही, गार पाणी लावलं. लोणी लावायचं ही जुन्या बायकांची चूक आहे.

मंगळवार, १० एप्रिल

ऑर्विल मागच्या दारापाशी बादली ठेवून गेला. तळ्यातले बोटाएवढे स्मेल्ट मासे, दोनशे तरी असतील, सगळे साफ केलेले. मला काटे टोचतात म्हणून तो दर वसंतात साफ करूनच देतो. बादलीत त्याच्या जुन्या ट्रकच्या हीटरची नळीपण होती, जाड काळी, उष्णता सोसणारी. ट्रक आता भंगारातच गेलाय म्हणून काढली असेल. कढत बाजूला अगदी बरोबर. तिच्यातलं पाणी मोरीत जातं, काढ्याला लागत नाही, तेव्हा रबराच्या वासाची भीती नाही.

रेनहोल्डनं नळी ठेवू दिली. मासे मात्र उचलून अंगणात एक एक करून घणानं ठेचले. दोनशे. मी बाराच वाचवले.

गुरुवार, १९ एप्रिल

आज प्रभुभोजन. पास्टर म्हणाले, रॅटकी बंधूंनी आधी हात मिळवल्याशिवाय मी भाकर देणार नाही. दोघे कठड्यापाशी गुडघ्यांवर. ऑर्विलनं हात पुढे केला. रेनहोल्डनं तो धरला आणि आवळत राहिला. ऑर्विलच्या बोटांचा कडकड आवाज मला दुसऱ्या बाकावर ऐकू आला. ऑर्विलनं चेहरा हलवला नाही. पास्टर "आमेन" म्हणाले.

समेट झाला. मला रडू आलं.

उत्तम शुक्रवार, २० एप्रिल

तीन ते सहा घरात बोलायचं नाही असा आमचा नेम. साडेचारला रेनहोल्ड स्वयंपाकघरात येऊन बसला आणि म्हणाला, "ऑर्विल कोरियात मेला असता तर बरं झालं असतं."

मी म्हटलं, "आजच्या दिवशी असं बोलू नये."

"तो कोरियाला गेला म्हणून तू मला मिळालीस."

हे खरंच आहे. ऑर्विलनं मला पहिल्यांदा नाचाला नेलं होतं, एक्कावन्न साली, पालवी फुटायच्या सुमारास. मग तो लढाईवर गेला आणि रेनहोल्ड मला घरी सोडायला यायला लागला. ऑर्विलची पत्रं सासूबाईंकडे यायची. त्या मोठ्यानं वाचायच्या आणि शेवटी "आर्लिसला सांग" असं आलं की कागद मिटायच्या. काय सांगायचं होतं ते मी कधी विचारलं नाही. तोवर लग्न ठरलं होतं. परत आल्यावर त्यानं आमच्या लग्नाची भेट म्हणून शेजारची जागा घेऊन तिथे घर बांधलं. म्हणजे भेट अशी नाही, पण जवळ राहणं ही भेटच की.

मी रेनहोल्डला म्हटलं, "मग झालं ना, मिळाले ना मी?"

 त्यानं टेबलावर डोकं आपटलं. एकदा, दोनदा. मी मध्ये हात घातला.

रविवार, २९ एप्रिल

काल लिहायला झालं नाही. आता सगळं क्रमानं लिहिते, कारण उद्या पोलिसांचा डेप्युटी येणार आहे आणि मला क्रम चुकायला नको.

सकाळी दहाला पातेलं चढवलं. काढा छान झाला, भाजलेल्या पावासारखा वास. अकराला हॉप्सची कडू फुलं टाकली. बाराला वेटोळं आत सोडलं. मी दोन्ही जोडांखाली वर्तमानपत्राचा कागद पसरला आणि नळ सोडला. पाणी गेलं, तिकडून वाफाळत निघालं. कागदावर काही नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी वाकून बोट फिरवलं. कोरडं. पितळ इतकं कोरडं की चमकत होतं. आयुष्यात मी इतकं नेटकं काही केलेलं नाही, साठ बरण्या धरून.

ऑर्विल म्हणाला, "एक थेंब नाही." मग कुणाकडेही न बघता म्हणाला, "तुझ्या हाताला तोड नाही, आर्लिस."

रेनहोल्ड एका जोडाकडून दुसऱ्याकडे गेला. पुन्हा पहिल्याकडे आला. वाकून खालून बघितलं. तो गळती शोधत होता. मला वाटलं आता शाबासकी देईल. तो म्हणाला, "आता काय करायचं?"

मी म्हटलं, "आता काय, गार झालं की दोन बादल्या यीस्ट घाल." चुकून बोलले, बादल्या नाही, वाट्या. मला आनंद झाला होता.

ऑर्विल हसला. मी हसले. रेनहोल्डनं शेगडीच्या स्टँडला लाथ मारली.

पातेलं एका अंगाला कलंडलं. ऑर्विल त्याच बाजूला होता. त्यानं दोन्ही हात पुढे केले, भांडं सावरायला की मला बाजूला सारायला, ते नीट सांगता येत नाही. दोन्ही एकदमच झालं. मी मोरीपाशी पडले. कडेचा काढा थोडा गार झाला असला तरी मधला कढतच होता, आणि त्यात साखर. साखर कातडीला चिकटते आणि जाळत राहते. दोन्ही हात कोपरापर्यंत, पोट, मांड्या. त्याच्या हातांची कातडी हातमोज्यासारखी सुटली. तो ओरडला नाही. "आर्लिस, तुला लागलं का?" एवढंच म्हणाला आणि खाली बसला.

मी नळी त्याच्या अंगावर धरली. गार पाण्याची बाजू, जोडापासून सोडून घेतलेली. हातानंच सुटली, बरोबर बसवलेली सुटते तशी. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत वीस मिनिटं धरली.

रेनहोल्ड उलट्या बादलीवर बसून होता. हात गुडघ्यांवर, सुट्टी झालेल्या कामगारासारखा.

सोमवार, ३० एप्रिल

डेप्युटी जेरी स्कार आला. रविवारच्या शाळेत तो माझ्या वर्गात होता, टोपी काढूनच आत आला.

"मिसेस रॅटकी, तुमचे दीर म्हणतात नळी सटकली. कढत पाणी अंगावर आलं, ते बिचकून पातेल्यावर पडले. बरोबर?"

मी रेनहोल्डकडे बघितलं. तो म्हणाला, "असंच झालं. बाईमाणसानं बसवलेले जोड. मी आधीच सांगितलं होतं, टिकायचे नाहीत."

"पूर्वीही सटकली होती म्हणे," जेरी म्हणाला. "सात तारखेला. म्हणजे अपघात. एवढं तुम्ही सांगितलंत की मी कागद बंद करतो."

माझ्या डोळ्यांपुढे आठवी आज्ञा आली. खोटी साक्ष देऊ नको. आणि खरं सांगायचं तर त्याच्याही आधी तो कोरडा कागद आला.

"जोड सुटला नाही," मी म्हटलं.

"आर्लिस," रेनहोल्ड म्हणाला.

"तुम्ही चला." मी जेरीला गॅरेजमध्ये नेलं, नळी जोडली, पाणी सोडलं. त्याला बोट फिरवायला लावलं. तो बोटाकडे बघत राहिला.

"मग भांडं कसं पडलं, मॅडम?"

"माझ्या नवऱ्यानं लाथ मारली."

इतकं सोपं वाक्य.  रेनहोल्डनं माझ्यावर झेप घेतली. जेरीनं त्याला मध्येच पाडलं, गुडघा पाठीत, हात मागे. गाल सिमेंटवर दाबलेला होता तरी तो बोलत होता. "एकतीस वर्षं याचीच वाट बघत होतीस ना? सांग की त्याला! सांग!"

कशाची वाट, ते मी विचारलं नाही. मी नळ बंद केला.

शनिवार, ५ मे

दवाखान्यात सूप नेलं, बार्लीचं. ऑर्विलचे हात पांढऱ्या बोळ्यांसारखे गुंडाळलेले. चमचा धरता येत नाही. मी भरवलं. तो रागात होता.

"का सांगितलंस जेरीला?"

"खोटं कसं सांगणार?"

"मी सांगितलंच होतं ना तुझ्याऐवजी! तुला फक्त मान हलवायची होती. आता तो तुरुंगात आणि तू एकटी. आणि जामिनावर सुटून येईल तेव्हा कुणाकडे येईल? माझ्याकडे? मला तर हातच नाहीत."

"माझे जोड गळत नव्हते, ऑर्विल."

तो हसायला गेला आणि दुखलं. थोड्या वेळानं मी विचारलं, कारण आठवडाभर तेच डोक्यात होतं, "त्याला राग कशाचा आहे रे? आता तर गळतसुद्धा नाही."

ऑर्विलनं माझ्याकडे बघितलं. इतका वेळ कुणी माझ्याकडे बघितलेलं मला आठवत नाही. मग म्हणाला, "तू त्याला सोडून आलीस तरी मी तुला माझ्या घरात घेणार नाही. घेतलं तर तो बरोबर ठरेल. एकतीस वर्षं मी तो चूक ठरावा म्हणून वागलोय."

मी म्हटलं, "मी कुठे येते म्हटलं? मी सूप आणलंय."

"मग भरव," तो म्हणाला आणि डोळे मिटले. डोळ्यांतून पाणी येत होतं. ते पुसायला त्याला हात नव्हते. मी पुसलं.

घरी येताना दोनदा रस्ता चुकले. बावीस मैलांचा सरळ रस्ता आहे.

रविवार, ६ मे

तुरुंगात भेटीची वेळ दोन ते चार. दवाखान्यातही दोन ते चार. दोन्ही एकाच रस्त्यावर आहेत, पुलाच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक. रेनहोल्डसाठी धुतलेले शर्ट गाडीत मागच्या सीटवर होते. कॉलरला स्टार्च त्याला आवडतो तसा. तुरुंगाच्या दारावर शिपायाच्या हातात शर्टांची पिशवी दिली. "आत नाही जाणार?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "आज नाही." आणि पूल ओलांडला.

ऑर्विल झोपला होता. मी खुर्ची जवळ घेतली. बोलायचं काही नव्हतं आणि विणकाम घरी विसरले होते, म्हणून नुसती बसले. दोन तास नुसतं बसणं मला जमेल असं वाटलं नव्हतं. एकदा तो जागा झाला, मी आहे ते बघितलं आणि पुन्हा झोपला.

चारला नवीन नर्स आली, तरुण मुलगी. पलंगाच्या पायथ्याचा कागद वाचून माझ्याकडे वळली. "तुम्हीच मिसेस रॅटकी ना? काळजी करू नका, तुमच्या नवऱ्याला आज पुष्कळ बरं आहे."

मी उठले, तिचे आभार मानले, कोट घातला. तिला काही सांगितलं नाही.